पितृसत्तेच्या पहारेकरणी : ॲटवुडच्या ‘आत्या’ आणि तेंडुलकरांच्या मिसेस काशीकर

टॉमस मोरने १५१६ मध्ये ‘यूटोपिया’ लिहून आदर्श राज्याच्या कल्पनाचित्राला एक नाव मिळवून दिले. विसाव्या शतकाने त्या आदर्शाची उलटी बाजू पाहिली आणि ‘डिस्टोपिया’ हा वाङ्मयप्रकार रूढ झाला. मराठीत त्यासाठी ‘दुःस्वप्नलोक’ हा शब्द सोयीचा वाटतो. हक्सले (१९३२) आणि ऑर्वेल (१९४९) यांच्या कादंबऱ्यांनी या प्रकाराचा साचा घडवला. सर्वव्यापी सत्ता, तिची पाळत, भाषेवरील ताबा आणि या साऱ्यांत सापडलेला एकटा पुरुषनायक असा तो साचा आहे. त्यात स्त्री आहे, पण ती नायकाच्या बंडाचे निमित्त म्हणून. कॅथरिन बर्डेकिन या लेखिकेने १९३७ मध्येच ‘स्वस्तिका नाइट’ या कादंबरीत नाझी विजयानंतरच्या काल्पनिक युगात स्त्रियांना पिंजऱ्यातल्या जनावरांच्या पातळीवर आणून ठेवले होते. तेथील स्त्रिया मात्र केवळ सोसतात. सत्तेच्या कारभारात त्यांना कसलेच काम नाही.

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीचे वेगळेपण नेमके येथे आहे. गिलियाड या धर्मराज्यात स्त्रियांना वाचायला बंदी आहे, त्यांची बँकखाती गोठवलेली आहेत, प्रजननक्षम स्त्रिया सेनाधिकाऱ्यांच्या घरी ‘दासी’ म्हणून वाटल्या आहेत. हे सर्व पुरुषांनी केले आहे. परंतु त्या दासींना घडवण्याचे, त्यांच्या मनातील जुने जग पुसण्याचे काम पुरुष करीत नाहीत. ते ‘आंट’ या पदनामाच्या, तपकिरी वेशातील स्त्रिया करतात. पितृसत्ता टिकवण्यात स्त्रियांचा वाटा कोणता, तो त्यांना का पत्करावा लागतो आणि त्याबद्दल त्यांना काय मिळते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ॲटवुडच्या कादंबरीशेजारी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आणि कोकण-महाराष्ट्रातील काही आत्मचरित्रे ठेवली आहेत. तेंडुलकरांचे नाटक रूढ अर्थाने दुःस्वप्नलोकाचे नाही. त्याचा काळ भविष्यातला नसून १९६७ चा आहे. पण बंद दार, बनावट न्यायालय, आधीच ठरलेला निकाल आणि ‘हा तर खेळ’ असे म्हणत चाललेली एका बाईची चिरफाड पाहता दुःस्वप्नलोकाची सारी लक्षणे त्यात आहेत. मराठी वाचकाला गिलियाड शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

आत्या की मावशी?

‘आंट’ या शब्दाच्या भाषांतरातच एक मर्म आहे. इंग्रजीला आत्या, मावशी, काकू, मामी यांत भेद करावा लागत नाही. मराठीला निवड करावी लागते आणि ती निवड म्हणजे एक वाङ्मयीन निर्णय ठरतो. मावशी म्हटले की आईची माया आली. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हणच आहे. खोट्या मायेसाठी मराठीने त्याच नात्याचा आधार घेऊन ‘पूतनामावशी’ घडवली. आत्या मात्र बापाच्या कुळाची. लग्न होऊन परघरी गेली तरी माहेरच्या कुळाचा मान राखणारी, बारशाला नाव ठेवणारी, भावाच्या घरात शब्द चालवणारी. गिलियाडमध्ये दासींची जुनी नावे पुसली जातात आणि त्यांना मालकाच्या नावावरून ओळख मिळते. ऑफ्रेड म्हणजे फ्रेडची. जेथे नाव ठेवणे हीच सत्तेची पहिली खूण आहे तेथे ‘आत्या’ हाच शब्द योग्य होय. तरीही लिडियाच्या बोलण्याचा सूर ऐकला की पूतनामावशी आठवल्यावाचून राहत नाही. ती मुलींना धाक दाखवते तोही त्यांच्या भल्यासाठी, गहिवरून.

या आत्यांच्या हातात गुरे हाकण्याच्या विजेच्या काठ्या आहेत. बंदुका मात्र नाहीत. त्या पहाऱ्यावरील पुरुषांकडे आहेत. ॲटवुडने हा तपशील जाता जाता दिला आहे, पण साऱ्या व्यवस्थेचे गणित त्यात सामावले आहे. स्त्रीला स्त्रीवर चालवण्यापुरते हत्यार द्यायचे, पुरुषावर रोखता येईल असे द्यायचे नाही. वाचन-लेखनाची सवलतही अशीच मोजून दिलेली.

लाल केंद्रातील ‘साक्षी’चा प्रसंग या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रसंग म्हणावा लागेल. जनीन नावाची मुलगी चौदाव्या वर्षी आपल्यावर झालेला सामूहिक बलात्कार आणि नंतरचा गर्भपात सर्वांसमोर सांगते. दोष कोणाचा, असे आत्या विचारते आणि भोवती बसलेल्या मुली तिच्याकडे बोट दाखवून एका सुरात उत्तर देतात. पुढल्या आठवड्यात जनीन न विचारताच तो दोष स्वतःवर घेते. या दालनात एकही पुरुष नाही. बोट दाखवणाऱ्यांत निवेदिका स्वतःही आहे आणि रडणाऱ्या जनीनचा आपल्याला क्षणभर तिरस्कार वाटला, अशी कबुली ती देते. आत्यांवर सर्व भार टाकून निवेदिकेला, आणि तिच्यामागून वाचकालाही, हात झटकता येऊ नयेत अशी ही रचना आहे.

दाराची कडी आणि मिसेस काशीकर

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले आणि सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे साकारली. नाटकाची हकिकत प्राध्यापकवर्गाला नव्याने सांगण्याची गरज नाही. एका गावातील सभागृहात संध्याकाळच्या प्रयोगाआधी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो, बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, आणि पाहता पाहता खेळातील आरोप खऱ्या बेणारेला भिडतो. अनुपस्थित प्राध्यापक दामले हे तिच्या पोटातील मुलाचे वडील. त्यांची खुर्ची रिकामी आहे. त्यांना कोणी आरोपी करीत नाही.

या नाटकावरील चर्चा बहुधा बेणारेच्या अखेरच्या स्वगताभोवती, काशीकर-सुखात्मे यांच्या दांभिकतेभोवती फिरते. मिसेस काशीकरांकडे विनोदी दुय्यम पात्र म्हणून पाहिले जाते. हे पाहणे अपुरे आहे. मंचावर बेणारेखेरीज त्या एकट्याच स्त्री आहेत, आणि खटल्याचा खेळ जेव्हा शारीरिक होतो, तेव्हा बेणारेला ओढत पिंजऱ्यात नेऊन उभे करण्याचे काम त्यांच्याकडे येते. पुरुषांनी ते केले असते तर प्रेक्षकाला ती सरळ जबरदस्ती दिसली असती. बाईने बाईला धरले म्हणजे ती शिस्त ठरते. नाटकाच्या आरंभी बेणारेचे बोट ज्या कडीत चेमटते, त्याच दाराने ती पुढे बाहेर पडू पाहते तेव्हा दार बाहेरून बंद झालेले असते. काशीकरबाईंचा हात आणि ती कडी एकच काम करतात.

त्यांना स्वतःला या दरबारात काय स्थान आहे? जवळजवळ काहीच नाही. न्यायाधीश पती, वकील सुखात्मे; फिर्यादीचाही तोच आणि बचावाचाही तोच. मिसेस काशीकर मध्ये बोलू लागल्या की नवरा त्यांना सर्वांदेखत गप्प करतो. मूल नाही. घरात बाळू रोकडे हा आश्रित पोरगा आहे, त्याच्यावर काय ती सत्ता चालते. नवऱ्याने घेतलेला गजरा आहे, आणि तो गजरा सर्वांना दिसावा अशी हौस आहे. साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहिल्यावर मात्र चित्र पालटते. नाटकात पहिल्यांदाच सारे पुरुष त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकतात, प्रश्न विचारतात, आणखी सांगा म्हणतात. बेणारेचे वय, तिचे मोठ्याने हसणे, पुरुषांत मोकळेपणाने वावरणे हे सारे त्या चढत्या उत्साहाने सांगत जातात. लग्न न करताच सारे मिळत असेल तर लग्न कोण करील, अशा आशयाची त्यांची तक्रार येते तेव्हा तेंडुलकरांनी या पात्राचा गाभा उघडा केला आहे. ती नैतिक तक्रार नाही, ती हिशेबाची तक्रार आहे. आपण किंमत मोजली. हिने ती न मोजता कसे घेतले?

जनीनची साक्ष आणि मिसेस काशीकरांची साक्ष एकमेकींशेजारी ठेवल्या की साम्याइतकाच फरकही दिसतो. गिलियाडमध्ये राज्य आहे, गणवेश आहे, शिक्षा लेखी आहे. काशीकरबाईंना कोणी आत्यापद दिलेले नाही, कोणी काठी दिलेली नाही. त्या आपखुशीने धावतात. म्हणूनच तेंडुलकरांचे चित्र ॲटवुडच्या चित्राहून काही बाबतीत अधिक अस्वस्थ करणारे आहे. पोटातील गर्भ नष्ट करावा हा निकाल काशीकर देतात तेव्हा भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालयच भ्रूणहत्येची शिक्षा फर्मावते. ही विसंगती मंचावरील कोणालाही खटकत नाही, आणि त्यात मूल नसलेली ती बाईही आहे.

हा खटला मराठी साहित्याला नवा नव्हता. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अवैध ठरवलेल्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी करण्यात आली. त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर जो गहजब उठला त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्या गृहाची गरज पडावी यातच दामल्यांच्या रिकाम्या खुर्चीचा इतिहास आहे.

सासूचे चार दिवस

डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ मधील ‘बार्गेनिंग विथ पॅट्रिआर्की’ या निबंधात असे मांडले आहे की, स्त्रिया पितृसत्तेशी एक प्रकारचा सौदा करतात. तारुण्यातील हाल सोसल्याच्या बदल्यात म्हातारपणी सुनांवरील सत्ता मिळणार, ही त्यातील मुख्य अट. मराठी बायकांना हे कळण्यासाठी निबंधाची वाट पाहावी लागली नाही. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीत तो सौदा केव्हाचा नोंदलेला आहे. म्हण दिलासा देणारी वाटते खरी, पण ती सुटकेचे नाव काढत नाही. ती फक्त पाळी येण्याचे आश्वासन देते. आणि ज्या बाईची पाळी कधी येणारच नाही, म्हणजे बालविधवा, निपुत्रिक, परित्यक्ता, तिचे काय, याविषयी म्हण गप्प आहे.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये हा सौदा आतून पाहायला मिळतो. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला घेतले. विरोध झाला तो घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून. टोमणे, अबोला, वाचण्याची चेष्टा असे सारे प्रकार झाले. त्यातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. पतीची आज्ञा हीच स्त्रीची पूर्वदिशा असे मानणाऱ्या या बायका रमाबाईंना सुचवीत होत्या की, नवऱ्याने वाच म्हटले तरी फारसे मनावर घेऊ नये. म्हणजे त्यांची निष्ठा पुरुषावर नव्हती. ज्या व्यवस्थेत त्यांना माजघरापुरते का होईना स्थान होते, त्या व्यवस्थेवर होती. आणि खुद्द घरचा कर्ता पुरुष ती मोडू लागला तर त्याच्याविरुद्धही ती राखायची होती. त्या घरातच न्यायमूर्तींची विधवा बहीण दुर्गा होती. तिचे आयुष्य ज्या नियमांनी संपवले, ते नियम खोटे ठरले तर तिने सोसले ते कशासाठी? ‘द टेस्टामेंट्स’ (२०१९) मधील लिडिया वाचताना हा प्रश्न पुन्हा समोर येतो. लिडिया पूर्वी न्यायाधीश होती. तिला पकडून क्रीडागारात डांबले, अंधारकोठडीत मारहाण केली, आणि मग दुसऱ्या स्त्रियांवर गोळी झाडण्याच्या अटीवर आत्यापद दिले. लिडियाला सौद्याची अट बंदूक रोखून सांगितली. रानड्यांच्या माजघरात ती कोणी सांगितलीच नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार आणखी पुढे न्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबईच्या गिरण्यांपासून आखातापर्यंत पुरुष बाहेर आणि घर, शेत, गणपती, देवकार्य बायकांवर, ही चिपळूण-गुहागर-खेड पट्ट्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत. पुरुष नसलेल्या घरात पितृसत्ता सैल व्हायला हवी होती. प्रत्यक्षात मनीऑर्डर सासूच्या नावावर येई, किल्ल्या तिच्या कमरेला असत, आणि सुनेने विहिरीवर किती वेळ लावला याचा हिशेब चाकरमानी गणपतीला आला की त्याच्या कानी जाई. पुरुषाची सत्ता त्याच्या गैरहजेरीत चालवणारी ही मुखत्यारी गिलियाडच्या लाल केंद्राहून वेगळी नाही. श्री. ना. पेंडसे यांनी ‘रथचक्र’मध्ये परागंदा झालेल्या नवऱ्याच्या एकत्र कुटुंबातील बाईला नावच दिले नाही, ती केवळ ‘ती’ आहे. ऑफ्रेडचे खरे नाव वाचकाला कळत नाही याचे ज्यांना अप्रूप वाटते त्यांनी हे कोकणी उदाहरण ध्यानात घ्यावे.

पण सगळ्या कोकणाचे एकच चित्र रंगवणे चुकीचे होईल. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संकल्पना मांडून दाखवले की, स्त्रीच्या लैंगिकतेवरील पहारा हा जातिशुद्धतेच्या पहाऱ्यापासून वेगळा करता येत नाही. केशवपन ज्या जातींत होते तेथे विधवेचे डोके भादरणे हा कुळाचा प्रश्न होता; ज्या जातींत पाटाची चाल होती तेथे तो नव्हता. देवरूखच्या जोशांच्या घरातील दोन बहिणींपैकी गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. दुसऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी विधवेचा वेष कित्येक वर्षे धारण करून मगच तो टाकला. याच जिल्ह्यातील उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवणाऱ्या बायका भेटतात. तेथे राखण्यासाठी किल्ल्या नाहीत, त्यामुळे सौद्याचे रूपही निराळे आहे, तेथे एम. ए. करू पाहणाऱ्या लेखिकेला विरोध होतो तो पतीकडून, उघड. ॲटवुडच्या गिलियाडमध्ये वर्णाचा प्रश्न कादंबरीबाहेर ढकलला गेला आहे. कृष्णवर्णीयांना दूर हलवल्याची एक बातमी येते आणि विषय संपतो. ही त्या कादंबरीची मोठी उणीव आहे. भारतात असे लिहिणाऱ्याला जात बाजूला ठेवता येत नाही, हे प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’ (२०१७) या इंग्रजी कादंबरीतील शुद्धतेच्या भिंतींनी दाखवले आहे.

एका वाचनाविषयी सावधगिरी

‘बाईच बाईची वैरीण’ हे वाक्य अशा साहित्यकृतींच्या अध्यापनात हमखास पुढे येते, आणि वर्गातील पुरुष विद्यार्थ्यांना ते विशेष पटते. अनेक अभ्यासकही ‘स्त्रियाच पितृसत्तेच्या खऱ्या रक्षक’ असा निर्णय देऊन मोकळे होतात. ॲटवुडने या वाचनाची चाहूल आधीच घेतली होती. कादंबरीच्या शेवटी २१९५ मधील एका परिसंवादाचा वृत्तान्त आहे. स्त्रियांना स्त्रियांकरवीच ताब्यात ठेवणे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक, असा गिलियाडच्या एका सूत्रधाराचा विचार तेथे मोठ्या समाधानाने सांगितला जातो. सांगणारे आहेत प्राध्यापक पिक्सोटो. ते मध्ये मध्ये स्त्रियांवर विनोद करतात, श्रोते हसतात, आणि ऑफ्रेडच्या यातनांपेक्षा तिचा मालक नेमका कोण होता हेच त्यांना महत्त्वाचे वाटते. म्हणजे सिद्धान्त बरोबर, पण तो सांगणारा तोंडघशी पाडलेला. आत्या कशा तयार झाल्या हे त्याला सांगता येते. त्या कशासाठी तयार केल्या आणि कोणाच्या सोयीसाठी, हे त्याला विचारावेसे वाटत नाही. या विषयावर चर्चासत्रांतून निबंध वाचणाऱ्यांनी ही पाने अवश्य पुन्हा वाचावीत.

ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये हा तोल नीट सांभाळला आहे. यमूच्या केशवपनामागे शंकरमामंजींची इच्छा आहे आणि कादंबरी ती कोठेही झाकत नाही. त्यांची पत्नी उमासासूबाई त्यांच्याच धाकाखाली पिचलेली आहे. हरिभाऊ घरातील बायकांचा कमकुवतपणा दाखवतात, पण वस्तरा कोणाच्या हुकमाने आला याचा वाचकाला विसर पडू देत नाहीत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. पतीच्या प्रेताशेजारी हे विधी बायकांच्या घोळक्यात होतात; बांगडी फोडणारा हात बहुधा आधी विधवा झालेल्या बाईचाच असतो. परिपत्रक ग्रामपंचायतीच्या नावे असते, त्या हाताच्या नावे नसते. त्या बाईला काय वाटते, याची नोंद साहित्यात फार थोडी आहे. लिडियाने आपली हकिकत ग्रंथालयातील एका पोखरलेल्या पुस्तकात लपवून ठेवली. रमाबाईंच्या घरातील बायकांची बाजू रमाबाईंच्या लेखणीतूनच आली. बेणारेला तेंडुलकरांनी दहा सेकंद दिले आणि त्या दहा सेकंदांत मराठी रंगभूमीवरचे एक गाजलेले स्वगत उभे राहिले. मिसेस काशीकर त्या वेळी इतरांबरोबर मंचावर निश्चल उभ्या असतात, आणि दिवे पुन्हा लागले की संध्याकाळच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.